नवा ब्राउझर आला? घ्या त्याची मराठीची परीक्षा!

दोस्तांनो, परीक्षा नेहमी तुम्हीच द्यायची, असं कुठे लिहिलंय? या आठवड्यात परीक्षक तुम्ही आणि परीक्षार्थी तुमच्या घरच्या संगणकातला किंवा मोबाइलमधला ब्राउझर! क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही सगळी या वर्गातली मुलं. त्यांच्या नव्या आवृत्त्या काही आठवड्यांच्या अंतराने येत असतात. प्रत्येक वेळी ‘आता मी आणखी हुशार झालोय’ असं सांगत ते येतात. खरंच का? चला, पाहू या.

त्याआधी थोडा इतिहास. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत लिहिला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण तेव्हा मराठीची फार पंचाईत होती, बरं का! प्रत्येक फॉन्टचा हिशेब वेगळा. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. त्यामुळे तोच फॉन्ट आपल्याकडे नसला, की मराठी बातमीऐवजी पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा!

या गोंधळातून वाट काढली ती युनिकोडने. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला त्याने एक कायमचा क्रमांक दिला. ‘व’चा क्रमांक ०९३५, ‘स’चा ०९३८ आणि ‘ई’चा ०९०८. (हे क्रमांक सोळाच्या पायावरचे आहेत.) झाली आपली वसई! आता विरार घ्या. ‘वि’ लिहिताना आपण आधी वेलांटी काढतो, मग ‘व’. संगणक मात्र आधी ‘व’ साठवतो आणि मग वेलांटी. पडद्यावर दाखवताना ती उचलून ‘व’च्या आधी नेऊन ठेवायची. हे काम कोण करतं? ब्राउझरच्या पोटातला अक्षरजुळारी! क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांच्याही अक्षरजुळाऱ्याचं नाव हार्फबझ. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, हे घरातल्या मोठ्यांनी हिंदी गाण्यांत ऐकलं असेल.

तर आता प्रश्नपत्रिका. हे शब्द ब्राउझरमध्ये टाइप करा.

प्रश्न पहिला : दर्या आणि दऱ्या. अर्नाळ्याचा कोळी जातो तो दर्यात आणि तुंगारेश्वरच्या डोंगरात असतात त्या दऱ्या. पहिल्या शब्दात ‘र’ उडी मारून ‘य’च्या डोक्यावर बसतो. दुसऱ्यात तो ‘य’ला बाजूने चिकटतो. ब्राउझरने दोन्हीकडे एकच आकार दाखवला, तर कोळीदादाला होडी डोंगरात न्यावी लागेल! असे गुण लगेच कापा.

प्रश्न दुसरा : शोधाशोध. हा ‘दऱ्या’तला ‘र’ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखेच. तुमच्या कळफलकावर तो शब्द लिहा आणि एखाद्या मराठी पानावर ‘शोधा’ची सोय वापरून पाहा. समोर दिसणारा शब्दही ब्राउझरला सापडला नाही, तर समजा, साठवण्याची पद्धत वेगळी निघाली असावी.

प्रश्न तिसरा, कठीण : सोपाऱ्याचा शिलालेख. नालासोपाऱ्याजवळचं सोपारा हे प्राचीन बंदर. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्याच भुईगावात मिळाला. लिपी ब्राह्मी, आपल्या देवनागरीची पणजी म्हणा ना! २०१० साली युनिकोडने ब्राह्मीलाही क्रमांक दिले. इंटरनेटवर ब्राह्मी अक्षरं असलेलं पान उघडा. अक्षरं दिसली, तर शाबास! नुसते चौकोन दिसले, तर तुमच्या यंत्रात ब्राह्मीचा फॉन्ट नाही. या चौकोनांना तंत्रज्ञ गमतीने ‘टोफू’ म्हणतात. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. ‘नो टोफू’ या शब्दांवरूनच ‘नोटो’ नावाची फॉन्टमाला निघाली. बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली लिपी आज मोबाइलच्या काचेवर उमटते, ही काय साधी गोष्ट आहे?

तुम्ही विचाराल, एवढ्या मोठ्या कंपन्या आधी तपासत नाहीत का? तपासतात तर! २०२२ साली क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांच्याही आवृत्तीचा क्रमांक १०० झाला. काही संकेतस्थळं फक्त पहिले दोनच आकडे वाचतील आणि शंभरला दहा समजतील, अशी भीती होती. गुणपत्रिकेत दोनच चौकटी असल्या, तर शंभर गुण मिळवणाऱ्याचं काय होईल, तसंच! म्हणून दोघांनीही आधीच चाचण्या घेतल्या. पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक दुरून कोणाला कळणार? तो मराठी डोळ्यांनाच दिसतो. म्हणूनच तुमची परीक्षा मोलाची.

चूक सापडली, तर ब्राउझरमध्ये ती कळवण्याची सोय असते. चार गोष्टी नीट लिहा : कोणतं यंत्र, कोणती आवृत्ती, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं. सोबत चित्र जोडा. स्वतःचं नाव, शाळा, पत्ता मात्र लिहू नका.

आणि आईबाबांसाठी दोन शब्द. नवी आवृत्ती ब्राउझरच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा मोबाइलच्या अधिकृत दुकानातूनच घ्या. ‘बीटा’ म्हणजे कच्ची आवृत्ती. ती नेहमीच्या ब्राउझरशेजारी वेगळी ठेवा आणि तिच्यावर बँकेचे व्यवहार करू नका. नेहमीचा ब्राउझर मात्र वेळच्या वेळी अद्ययावत करा. नव्या आवृत्तीत नुसती सजावट नसते, चोरवाटाही बुजवलेल्या असतात.

मग, परीक्षक महाशय, तुमच्या ब्राउझरला किती गुण?