लेक लॅक्रोस खेळते? मग आधी भिंत शोधा!

अमेरिकेत नांदणाऱ्या आपल्या कितीतरी मैत्रिणींच्या मुली शाळेत लॅक्रोस खेळतात. लांब दांड्याच्या जाळीत चेंडू झेलायचा नि गोलात मारायचा, एवढंच आईला ठाऊक. मग सामनाभर बाकावर बसून लेक फुरंगटून घरी आली, की आईनं सांगायचं तरी काय? पण सांगण्यासारखं पुष्कळ आहे, बरं का! त्यासाठी तुम्हांला खेळ यायलाच हवा असंही नाही.

सर्वांत मोठा गुरू म्हणजे भिंत. मात्र खिडकी नसलेली पाहा. चेंडू भरीव रबराचा असतो, काच राहायची नाही! भिंतीवर खडूने चौकोन काढून चार-पाच पावलांवरून मारायचं नि परतलेला चेंडू झेलायचा. उजव्या हाताने पन्नास वेळा, डाव्या हातानेही पन्नास. डावीकडे मुली हमखास कंटाळा करतात. पण एकाच हाताने खेळणारीला अडवणं सोपं. बचाववाली त्याच बाजूला उभी राहते.

चपळाईसाठी अंगणात पाच-पाच यार्डांवर तीन जुने डबे मांडा. मधून निघून उजवीकडच्या डब्यापर्यंत, तिथून थेट डावीकडच्या, आणि पुन्हा मध्ये. वळताना गुडघे वाकलेले नि कंबर खाली हवी. इथं तुम्ही डोळ्यांत तेल घालून पाहा. वळताना किंवा उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतोय का? वयात आलेल्या मुलींमध्ये गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, आणि मग खेळ कित्येक महिने बंद. म्हणून दमून पाय वेडेवाकडे पडू लागले की सराव तिथंच थांबवा. हे जमलं की मग तेच हातात काठी नि जाळीत चेंडू घेऊन.

आता नेम. गोल सहा फूट रुंद, सहा फूट उंच. त्यात गोलरक्षक उभी! म्हणजे कोपरेच काय ते उरतात. गोलावर जुनी चादर ताणून बांधा आणि चारही कोपऱ्यांना भोकं पाडा. उजव्या हाताने मारताना डावं पाऊल पुढं, हात अंगापासून दूर. आधी कंबर फिरते, मग खांदे, शेवटी मनगट. सगळा जोर दंडातून काढू पाहणाऱ्या मुलीचा चेंडू जातो आभाळात. तुम्ही टाळी वाजवा नि टाळीसरशी तिला धावत येऊन मारू द्या. मान वर हवी हं! समोर कुणी असताना बेधडक मारला तर पंच फाऊल देतात.

घरच्या सरावातही डोळ्यांवर संरक्षक जाळी नि दातांवर गार्ड हवंच.

वापरून चेंडू गुळगुळीत झाला की नवा घ्या. जुना टाकू नका; दमलेल्या तळपायाखाली फिरवायला छान. तिच्या, आणि दिवसभर ओट्याशी उभ्या असलेल्या तुमच्याही!