तुटलेला धागा सांधणारे जीव

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात सोलापुरी चादर उलगडली, की तिच्यातल्या गाठी नजरेला पडत नाहीत. पण मागावर ताण्याचा धागा तुटतोच. तेव्हा विणकर सगळा ताणा नव्यानं भरत नाही. माग थांबवतो, दोन्ही टोकं शोधतो आणि गाठ मारतो.

मज्जातंतूही धागाच. आपल्या हातातला तो तुटला, तर स्नायूकडचा भाग काही दिवसांतच नष्ट होतो. मग मागच्या टोकापासून नवा तंतू वाढतो, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. कोपरापाशी तुटलेला तंतू बोटांच्या टोकापर्यंत यायला वर्ष उलटतं. तोवर स्नायू झिजत राहतात.

झिंग्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद क्रेफिश मात्र विणकराची वाट धरतो. 1967 मध्ये रोनाल्ड होय, जॉर्ज बिटनर आणि डोनाल्ड केनेडी या शास्त्रज्ञांनी त्याचे पुरावे मांडले. क्रेफिशच्या पायातला तंतू तोडला, तरी स्नायूकडचा तुकडा कित्येक महिने जिवंत राहतो. मागून वाढत आलेलं टोक त्याला गाठतं आणि दोन्ही एकजीव होतात. स्नायूशी असलेली जुनी जोडणी शाबूत असल्यानं ती नव्यानं करावी लागत नाही.

खेकड्यानं अख्खी नांगीच टाकली, तर जुनं टोक उरतच नाही. नांगी बुडाशी ठरावीक रेषेवर तुटते, जखम लगेच बुजते, तिथं कोंब फुटतो. त्यात स्नायू घडतात आणि बुडाशी उरलेले तंतू वाढत त्यांच्यापर्यंत पोहोचतात. कात टाकताना घडी घातलेली नवी नांगी उलगडते.

इथली जोडणी फार नेमकी लागते. आपल्या एका स्नायूला शेकडो तंतू हुकूम देतात, या प्राण्यांत मोजकेच. क्रेफिशची नांगी उघडणाऱ्या स्नायूला चेतवणारा तंतू एकच असतो. तो ग्लुटामेट हे रसायन सोडतो. स्नायूला आवरणारा तंतू वेगळा, तो गाबा सोडतो. दोघंही आपापल्या जागी पोहोचले, तरच नांगीची पकड नीट बसते.

क्रेफिशची ही सांधणी बिटनर यांनी पुढं उंदरांवर आजमावली. पॉलिइथिलिन ग्लायकॉल या रसायनानं तुटक्या तंतूंची टोकं लगेच एकजीव करता येतात, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. माणसासाठी हा उपचार अजून रुळलेला नाही. तो रुळायला हवा, कारण मागावर धागा सांधणाऱ्या हातालाच इजा झाली, तर त्या विणकराच्या घरची चूल वर्षभर वाट पाहू शकत नाही.