पाककृतींच्या पुस्तकातून घराचे छप्पर



आषाढात कवेलू सरकले, छप्पर गळू लागले, की माणसांबरोबर कणगीतला कोदोही भिजतो. ओल लागून बुरशी धरलेला कोदो खाल्ला तर गरगरते, ओकाऱ्या होतात. तो धुऊन किंवा शिजवून निर्धोक होईल असा भरवसा धरू नये. २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस बांधवगडच्या जंगलात १० हत्ती मेले. त्यांच्या तपासणीतही कोदोतल्या बुरशीचे विष सापडले. म्हणून घराचे छप्पर हा आम्ही आरोग्याचाच विषय समजतो, आणि गरिबांच्या घरांसाठी पैसा उभा करण्याची एक रीत येथे सांगतो. ती रीत स्वयंपाकघरातली आहे.

बायकांनी आपापल्या कृती लिहून द्याव्यात, त्यांचे पुस्तक विकावे आणि उरलेला पैसा सत्कार्याला द्यावा, ही चाल जुनी आहे. १८६४ साली अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना फिलाडेल्फियाच्या जत्रेत मारिया मॉस या बाईंचे पाकपुस्तक जखमी शिपायांच्या मदतीसाठी विकले गेले होते.

घरांच्या कामातले उदाहरण 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेचे. मिलार्ड व लिंडा फुलर या ख्रिस्ती दांपत्याने ती १९७६ साली अमेरिकेत स्थापन केली. भारतात तिचे काम १९८३ पासून आहे. मूळ नियम असा, की घर फुकट द्यायचे नाही. घरवाल्याने बांधकामात स्वतः राबायचे आणि खर्च बिनव्याजी हप्त्यांनी फेडायचा. त्या पैशातून पुढचे घर. २००६ साली माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोणावळ्याजवळ मळवलीला येऊन याच कामासाठी विटा रचून गेले. लिंडाबाईंनी संस्थेच्या माणसांकडून कृती मागवून पुस्तके काढली आणि उत्पन्न घरांकडे वळवले.

आता हिशेब पाहू. समजा, पुस्तकाची किंमत १५० रुपये. छपाई-बांधणीला ९० गेले, दुकानदाराला ३०. उरले ३०. म्हणजे १०० प्रतींमागे घरांना फक्त ३,००० रुपये! दुकानदार वगळून हातोहात विकले तर ६,०००. छपाईही कोणी दात्याने उचलली तर पुरते १५,०००. पुस्तक तेच, फळ पाचपट. तेव्हा विकत घेताना प्रतीमागे किती रुपये घरांना जातात, हे निःसंकोच विचारावे. 'विक्रीचा काही भाग' एवढेच उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. पुस्तकाची गरज नसेल तर सरळ १५० रुपये देऊन पावती घ्यावी. त्यात घरांचाच फायदा अधिक.

आमच्या बालाघाटकडच्या बायांनी असे पुस्तक काढायचे मनात आणले, तर कृतींना तोटा नाही. २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या चिन्नोर तांदळाची खीर आहे, कोदोचा भात आहे, पावसाळ्यातल्या बांबूच्या कोंबांची भाजी आहे. 'अंदाजाने मीठ' असे न लिहिता वाटी-चमच्याचे माप द्यावे, नाहीतर नव्या सुनेला त्याचा काय उपयोग? छापण्याआधी घेणाऱ्यांची नावे व पैसे जमवावेत, म्हणजे प्रती पडून राहून उंदरांच्या धनी होत नाहीत. आणि कोदोच्या कृतीखाली ठळक अक्षरांत छापावे : दाणे कोरडे, वास स्वच्छ असेल तरच शिजवा.