यंत्राचा दर आणि यंत्राचा खर्च

शासकीय रुग्णालयासाठी यंत्र घ्यावयाचे झाल्यास प्रथम विनिर्देश ठरतात, मग निविदा निघते. ती बहुधा दोन लिफाफ्यांची असते. तांत्रिक छाननीत उतरलेल्यांचेच दर उघडले जातात व सामान्यतः सर्वांत कमी दर स्वीकारला जातो. पद्धत निर्दोष वाटते. परंतु दर कशाचा, हा खरा प्रश्न आहे. रक्ततपासणीचे यंत्र स्वस्तात मिळते, पण त्यास त्याच कंपनीचे रसायन लागत असेल, तर बचत कोठे उरली? म्हणून रसायने, सुटे भाग आणि हमी संपल्यानंतरची सर्वंकष देखभाल यांचे दर निविदेतच मागवून एकूण खर्चाची तुलना करणे इष्ट होय.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ मध्ये उपकरण देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी केलेल्या पाहणीत निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली होती. यंत्र किती काळ चालू राहावे, याचे प्रमाण कार्यक्रमाने ठरविले: जिल्हा रुग्णालयात ९५, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९० व प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के. (खेड्याच्या वाट्यास येथेही कमीच!)

रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी जडसंग्रह नोंदवहीत यंत्र आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. ते बंद पडल्याची, तक्रार केल्याची व दुरुस्त झाल्याची तारीख विचारावी. या तीन तारखांची नोंद नसेल, तर करारात दंडाची तरतूद असूनही पुरवठादाराकडून तो वसूल करणे कठीण जाते.