भूल देण्याआधी हृदयात डोकावणारा प्रोब. अमेरिकेत नर्सही शिकतायत

ऑपरेशनच्या दिवशी घरच्यांचं सगळं लक्ष सर्जनकडे असतं. पण टेबलावर पेशंटचा श्वास आणि बीपी सांभाळतो तो भूल देणारा. आपल्याकडे हे काम डॉक्टर करतात. अमेरिकेत खास शिक्षण घेतलेल्या नर्सही भूल देतात. तिथल्या अनेक ग्रामीण रुग्णालयांत तर भूल द्यायला त्याच असतात. या नर्सना आता हृदयाची साधी सोनोग्राफी शिकवली जातेय.

कशासाठी? समजा, एका आजीबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचाय. या इंजेक्शनने रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. धडधाकट हृदय ते सावरून घेतं. पण हृदयातून रक्त बाहेर पडायच्या तोंडाशी असलेली झडप वयानं कडक होऊन आकसली असेल, तर बीपी एकदम कोसळू शकतं. जिवावरच बेततं. ही झडप ईसीजीत दिसत नाही. स्टेथोस्कोपने आवाज ऐकू येतो, पण आजार किती पुढे गेलाय ते नेमकं कळत नाही.

प्रोबला जेल लावून तो छातीच्या हाडाच्या डावीकडे, बरगड्यांच्या फटीत ठेवतात. मग डाव्या स्तनाखाली, मग पोटाच्या वरच्या टोकाला. काही मिनिटांचं काम. हृदय जोरात आकुंचन पावतंय का? भोवती पाणी साठलंय का? उजवी बाजू फुगलीय का? अंगात रक्त-पाणी कमी पडलंय का? एवढंच बघायचं. झडपेची शंका आली तर पुढचं हृदयतज्ज्ञाच्या टूडी इकोत. शिकताना आधी पुतळ्यावर, मग धडधाकट माणसांवर, मग जाणकारासमोर पेशंटवर हात बसवतात. बरगड्यांची सावली चुकवून नीट चित्र मिळवायला सराव लागतोच.

आपल्याकडे हे सहज होणार नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे गर्भ दिसू शकेल असं मशीन, हातात मावणारं असलं तरी, नोंदवावंच लागतं आणि पात्र व्यक्तीनंच चालवावं लागतं. कायद्याचं कारण आपल्याला माहीतच आहे, त्यात ढिलाई नकोच.

तोवर आपल्या हातातलं एक काम: भूल देणारे डॉक्टर भेटायला आले की न विचारता सांगा. जिना चढताना दम लागतो, चक्कर येऊन पडलो होतो, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते. जुना इकोचा रिपोर्ट असेल तर तो घरी पेटीत ठेवू नका, सोबत न्या. बाळंतपणाच्या सिझरलाही हेच लागू.