एका पातेल्यांतलें जेवण : सॉसेज आणि पास्ता

दिवसभराचें काम आटोपून घरीं परतलेल्या माणसापुढें रात्रीच्या स्वयंपाकाचे दोन प्रश्न उभे राहतात. काय करावें, हा पहिला. आणि मागाहून भांडीं किती घांसावीं लागतील, हा दुसरा. पाकशास्त्रावरील पुस्तकें पहिल्या प्रश्नाचा विचार मोठ्या विस्तारानें करतात. दुसऱ्याकडे तीं सहसा वळत नाहींत. इटलींत मूळ असलेला आणि अमेरिकेंतील घरांघरांतून रुळलेला एक साधा पदार्थ मात्र या दोन्ही प्रश्नांना एकदम उत्तर देतो. सॉसेज, टोमॅटो आणि पास्ता हे तिन्ही जिन्नस एकाच पातेल्यांत पाऊण तासाच्या आंत शिजवावयाचे आणि त्याच पातेल्यांतून वाढावयाचे, एवढीच त्याची कृति. ती सोपी खरी. पण ती सोपी कां आहे हें ध्यानांत घेतल्यावांचून ती साधत नाहीं. कोणाचा पास्ता लगदा होतो, कोणाचा तळाला लागतो, आणि दोष मात्र कृतीच्या माथीं मारला जातो. वास्तविक सारें मर्म एकाच गोष्टींत आहे, आणि ती म्हणजे पाण्याचें माप.

पास्ता म्हणजे गव्हाचा रवा पाण्यांत घट्ट भिजवून, मळून, साच्यांतून दाबून काढून वाळविलेला पदार्थ. महाराष्ट्रांतील शेवयांचा तो जवळचा आप्तच म्हणावयाचा. मार्को पोलोनें तो चीनहून इटलींत आणला अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. पण ती काळाच्या हिशेबांत बसत नाहीं. पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ सालीं. त्यापूर्वीं सुमारें १४० वर्षें, म्हणजे ११५४ मध्यें, अल्‌ इद्रिसी या अरब भूगोलवेत्त्यानें सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठीं जो ग्रंथ पूर्ण केला, त्यांत पालेर्मोजवळच्या त्राबिया गांवाचें वर्णन आहे. तेथें ‘इत्रिया’ नांवाचा शेवयांसारखा पदार्थ विपुल तयार होतो आणि जहाजें भरभरून बाहेर जातो, असें तो लिहितो.

सुक्या पास्त्याला जो गहूं लागतो तो कठीण जातीचा, ड्युरम या नांवाचा. इटलींत १९६७ सालीं झालेल्या कायद्यानें विक्रीच्या सुक्या पास्त्यासाठीं याच गव्हाचा रवा वापरण्याचें बंधन घातलें. महाराष्ट्रांत आणि मध्य भारतांत ज्याला बन्सी गहूं म्हणतात तो याच जातीचा आहे. शेवयांसाठीं जुन्या बायका बन्सीचाच आग्रह कां धरीत, याचें उत्तरही येथेंच सांपडतें. या गव्हांत ग्लूटेन नांवाचा प्रथिनांचा चिवट भाग भरपूर असतो. तो शिजतांना घट्ट होतो आणि पदार्थाचा आकार मोडूं देत नाहीं.

ज्या घरांत कुरडयांसाठीं गहूं भिजवून चीक काढतात, त्या घरांत पिष्ट म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. पास्त्याच्या प्रत्येक तुकड्यांत हाच चीक ग्लूटेनच्या जाळ्यांत अडकलेला असतो. पाण्याची उष्णता साधारण ६० ते ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढली कीं पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगूं लागतात. पृष्ठभागावरचे कांहीं कण सुटून पाण्यांत उतरतात आणि तें पाणी पांढरट व दाट होतें. पुढील सर्व विवेचन या पांढरट पाण्याभोंवतीं फिरतें.

इटलींतील परंपरागत नियम असा कीं, १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ घ्यावें. चार माणसांच्या पास्त्याला म्हणजे साडेतीन-चार लिटर पाणी उकळत ठेवणें आलें. या नियमाला आधार नाहीं असें नाहीं. पाणी पुष्कळ असलें कीं पास्ता टाकल्यावर उकळी फार मोडत नाहीं, तुकडे एकमेकांना चिकटत नाहींत, आणि पाककर्त्याला सारखें ढवळीत उभें राहावें लागत नाहीं. पण या सोयीची किंमत पडते. एक तर एवढें पाणी तापविण्यांत वेळ आणि इंधन खर्च होतें. आणि दुसरें असें कीं, रसाला दाटपणा देणारें पिष्ट शेवटीं मोरींत जातें. इटालियन पाककर्त्यांना हें ठाऊक आहे, म्हणूनच ते पास्ता निथळण्यापूर्वीं त्यांतलें पळीभर पाणी बाजूला काढून रसांत घालतात.

भाताच्या दोन रीती माहीत असणाऱ्यांना यांतलें तत्त्व तत्काळ पटेल. एक रीत भात वेळण्याची : पुष्कळ पाण्यांत तांदूळ शिजवून पेज काढून टाकावयाची. दुसरी रीत बेतानें पाणी घालून तें सारें भातांतच जिरविण्याची. पहिल्या रीतींत पाण्याचें माप चुकलें तरी निभावतें. दुसरींत तें नेमकें असावें लागतें, पण वायां कांहींच जात नाहीं. एका पातेल्यांतला पास्ता ही दुसरी रीत होय. वरणफळें किंवा चकोल्या करणारी गृहिणी तेंच करीत असते. ती कणकेचे तुकडे वेगळे शिजवून वरणांत सोडीत नाहीं, उकळत्या वरणांतच शिजविते. आणि त्या तुकड्यांचें पीठ उतरून वरण आपोआप मिळून येतें.

परंपरेचा नियम मोडला तर काय होतें, याची परीक्षाही झालेली आहे. स्वयंपाकाच्या शास्त्रावर लिहिणारे अमेरिकन लेखक हॅरल्ड मॅगी यांनीं २००९ सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्रांत आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सुमारें ४५० ग्रॅम पास्ता अवघ्या दीडएक लिटर थंड पाण्यांत टाकून त्यांनीं तो शिजविला, आणि वरचेवर ढवळला तर तो उत्तम होतो असें त्यांना आढळलें. २०१३ सालीं मार्था स्टुअर्ट यांच्या मासिकानें पास्ता, टोमॅटो, कांदा, लसूण आणि मोजकें पाणी हें सर्व एकदमच एका भांड्यांत शिजविण्याची कृति छापली, आणि तेव्हांपासून हा प्रकार घरोघर पोंचला. २०२२ सालीं युरोपांत इंधन महाग झालें, तेव्हां भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे इटालियन शास्त्रज्ञ ज्योर्जो पारिसी यांनीं पास्ता उकळल्यावर आंच बंद करून झांकण ठेवण्याच्या युक्तीचा पुरस्कार केला. त्यावर इटलींत मोठा वाद माजला. पाणी किती आणि आंच किती, हा प्रश्न त्या देशांत केवळ स्वयंपाकघराचा नाहीं, अभिमानाचा आहे.

आतां सॉसेजकडे वळावयाचें. बारीक केलेलें मांस मीठमसाला लावून आंतड्याच्या पातळ आवरणांत भरणें ही अति प्राचीन विद्या आहे. रोमन लेखक वारो यानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत असें नमूद केलें आहे कीं, रोमन शिपाई हा पदार्थ दक्षिण इटलींतील लुकानिया प्रांतांत शिकले; ‘लुकानिका’ हें नांव त्यावरूनच पडलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण इटलीचीं लक्षावधि माणसें अमेरिकेंत गेलीं आणि त्यांच्याबरोबर हें सॉसेजही गेलें. तेथील सरकारी नियमाप्रमाणें ‘इटालियन सॉसेज’ या नांवानें विकल्या जाणाऱ्या मालांत मिरीखेरीज बडीशेप किंवा तिच्याच वासाचें ॲनिस असावें लागतें, आणि चरबी शेंकडा ३५ हून अधिक चालत नाहीं. झटपट स्वयंपाकाला सॉसेज इतकें सोयीचें कां, हें यावरून कळून येईल. मांस, चरबी, मीठ आणि मसाला हीं चारही त्यांत आधींच एकत्र झालेलीं असतात. पाककर्त्याचें अर्धें काम खाटकानेंच करून ठेवलेलें असतें.

चार माणसांसाठीं प्रमाण असें घ्यावें : इटालियन पद्धतीचें कच्चें सॉसेज ३५० ग्रॅम, पेने किंवा फुसिली यांसारखा आंखूड सुका पास्ता ३५० ग्रॅम, एक मोठा कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, डब्यांतले किंवा ताजे सोलून चिरलेले टोमॅटो ४०० ग्रॅम, पाणी ७०० मिलिलिटर, एक चमचा ऑलिव्ह तेल, थोडी भरडलेली लाल मिरची, दोन मुठी चिरलेला पालक, आणि किसलेलें पार्मेझान चीज ५० ग्रॅम.

जाड बुडाचें रुंद पातेलें तापवून त्यांत तेल घालावें. सॉसेजचें आवरण चिरून काढून टाकावें, आंतलें मांस पातेल्यांत सोडावें आणि लांकडी कालथ्यानें मोडीत राहावें. या वेळीं झांकण ठेवूं नये व पाणीही घालूं नये. मांसाला जो खमंग तांबूस रंग येतो तो पाण्याच्या उत्कलनबिंदूहून पुष्कळ वरच्या उष्णतेवर येतो. ओलावा असेपर्यंत मांस उकडतें, परततें नाहीं. सात-आठ मिनिटांत रंग चढला कीं त्यांत कांदा व मागाहून लसूण आणि मिरची घालून परतावें. तळाला धरलेली तांबूस खरवड करपूं देऊं नये, पण काढून टाकण्याचेंही कारण नाहीं. टोमॅटो आणि पाणी पडल्याबरोबर ती कालथ्यानें खरवडून सोडवावी. साऱ्या पदार्थाची रुचि तिच्यांत सांठलेली असते.

उकळी फुटली कीं पास्ता घालावा आणि तो रसांत बुडेल असा दाबावा. पहिलीं दोन-तीन मिनिटें विशेष काळजीचीं. पिष्ट सुटूं लागतें तें याच वेळीं, आणि न ढवळल्यास तुकडे एकमेकांना व तळाला चिकटतात. त्यानंतर आंच मध्यमाहून थोडी कमी करून, झांकण किंचित उघडें ठेवून, दर दोन मिनिटांनीं तळापासून ढवळावें. टोमॅटोचा रस साध्या पाण्याहून दाट आणि आंबट असल्यामुळें पुडक्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षां दोन-तीन मिनिटें अधिक लागतात. तुकडा दांतांखालीं मऊ पण गाभ्यांत किंचित घट्ट लागला कीं पालक घालून आंच बंद करावी. चीज मिसळून पांच मिनिटें झांकून ठेवावें. या अवकाशांत उरलेला पातळ रस पास्त्याला लपेटून घेतो.

मिठाचा विचार येथें वेगळा करावा लागतो. परंपरागत रीतींत घातलेलें बहुतेक मीठ पाण्याबरोबर निघून जातें. या रीतींत घातलेला कणन्‌कण पानांत येतो. शिवाय सॉसेज आणि चीज दोन्ही खारटच. म्हणून आरंभीं मीठ मुळींच घालूं नये. शेवटीं चव पाहून काय तें ठरवावें.

पाण्याचा हिशेबही सांगण्याजोगा आहे. सुका पास्ता शिजतांना साधारण आपल्या वजनाइतकें किंवा थोडें अधिक पाणी पितो. म्हणजे ३५० ग्रॅम पास्त्याला सुमारें ४०० ग्रॅम पाणी गेलें; उरलेल्यांतलें कांहीं वाफ होऊन जातें आणि बाकीचा रस होतो. आठ माणसांसाठीं हाच पदार्थ करावयाचा झाल्यास पाणी सरसकट दुप्पट करूं नये. पास्ता दुप्पट पाणी पिईल. पण भांड्याचें तोंड जवळजवळ तेवढेंच राहिल्यामुळें वाफ दुप्पट जाणार नाहीं. दुपटीपेक्षां शंभर-दीडशे मिलिलिटर कमीच घ्यावें आणि वेळेवर उकळतें पाणी हाताशीं ठेवावें. कमी पडलेलें पाणी घालतां येतें, अधिक झालेलें काढतां येत नाहीं.

ही रीत सर्व पास्त्यांना लागू पडते असें मात्र नाहीं. ताजा ओला पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो आणि रस आटेपर्यंत त्याची खीर होते. फार बारीक शेवयाही टिकत नाहींत. एक गोष्ट मात्र घाईच्या रात्रींही सोडूं नये. कच्चें सॉसेज हें बारीक केलेलें मांस असल्यामुळें त्यांतील जंतु केवळ पृष्ठभागावर नसतात, आंतपर्यंत मिसळलेले असतात. डुकराचें बारीक मांस ७१ अंश सेंटिग्रेडपर्यंत शिजावें असा अमेरिकेंतील अधिकृत दंडक आहे. मांस मोडून परतलें आणि वर पंधरा मिनिटें उकळत्या रसांत राहिलें कीं ही अट सहज पुरी होते. जाडजूड तुकडे तसेच राहिले तर होईलच असें नाहीं. उरलेला पदार्थ दोन तासांच्या आंत शीतपेटींत ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीं थोडें पाणी घालून चांगला वाफवावा.

ज्या शहरांत इटालियन सॉसेज मिळत नाहीं, तेथें गोव्याचें चोरीस मिळण्याचा संभव असतो. पोर्तुगीजांच्या अमलांत गोव्यांत रुजलेला हा प्रकार व्हिनिगर, लाल मिरची आणि लसूण यांनीं मुरविलेला असतो, आणि गोव्याच्या घरांत तो तांदळाबरोबर एकाच भांड्यांत शिजवून त्याचा पुलावही करतात. पास्त्यांत तो घालतांना प्रमाण निम्मेंच घ्यावें, वेगळें तेल व मिरची वगळावी, आणि आंबटपणा बेताचा राहण्यासाठीं टोमॅटो कमी करून तेवढें पाणी वाढवावें. डुकराचें मांस न खाणाऱ्यांनीं कोंबडीचें सॉसेज घ्यावें. त्यांत चरबी कमी असल्यामुळें तेल दोन चमचे अधिक घालावें आणि अर्धा चमचा कुटलेली बडीशेप टाकावी.

झटपट स्वयंपाक म्हणजे निकृष्ट स्वयंपाक, असा एक समज सुशिक्षित घरांतही आढळतो. पण वेळ वांचविण्याचे दोन मार्ग आहेत. एक, आवश्यक तें गाळण्याचा. आणि दुसरा, अनावश्यक तें ओळखण्याचा. येथें मांस परतण्याचीं आठ मिनिटें वांचविलीं तर पदार्थ फुकट जातो. चार लिटर पाणी वांचविलें तर तो सुधारतो. कोणतें पाणी उपयोगाचें आणि कोणतें केवळ संवयीचें, एवढें ज्याला उमगलें, त्याच्या घरीं कामाच्या दिवशींही रात्रीचें जेवण वेळेवर होईल, आणि मोरींत घांसावयास एकच पातेलें राहील.