तीन दिवसांची शिक्षा, एकवीस लाख मतदार

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांना १९ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेतून निलंबित केलं, तेव्हा हिवाळी अधिवेशन संपायला तो दिवस धरून तीनच दिवस उरले होते. ऐकायला ही शिक्षा अगदीच सौम्य वाटते. दैनिक भत्ता बंद, म्हणजे त्या वेळच्या दराने दिवसाला २००० रुपये. तीन दिवसांचे फार तर ६००० रुपये बुडाले. पगार चालूच.

पण शिक्षा नेमकी कोणाला झाली हे बघायचं तर रुपये बाजूला ठेवून माणसं मोजायला हवीत. २०१९च्या निवडणुकीत या मतदारसंघात २१ लाखांहून अधिक मतदार होते. त्यातल्या ६,८६,७१४ जणांनी सुळे यांना मत दिलं होतं. बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला मिळून लोकसभेत खुर्ची एकच, आणि ती रिकामी झाली.

त्या एका दिवसात अशा ४९ खुर्च्या रिकाम्या झाल्या. १३ डिसेंबरला प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी सभागृहात उड्या मारून धूर सोडला होता. गृहमंत्र्यांनी त्यावर निवेदन करावं, एवढी विरोधकांची मागणी होती. त्यासाठी ते फलक घेऊन हौद्यात उतरले, घोषणा दिल्या. नियमात हे बसत नाही, हे मान्य. मग नावं वाचली गेली, आवाजी मतदानाने ठराव मंजूर झाला. आदल्याच दिवशी दोन्ही सभागृहांतून ७८ जण बाहेर गेले होते. १५ मार्च १९८९ रोजी लोकसभेतून ६३ खासदारांना निलंबित केलं होतं, एका दिवसातल्या निलंबनांचा तो विक्रम १८ डिसेंबरला मोडला. अधिवेशन संपेपर्यंतची बेरीज झाली १४६: लोकसभेचे १०० आणि राज्यसभेचे ४६.

२०१९ला देशात ९१ कोटींवर मतदार होते. त्याला ५४३ने भागलं की एका खासदारामागे सरासरी पावणेसतरा लाख येतात. शंभर खासदार म्हणजे पावणेसतरा कोटी माणसं. २०२४च्या विधानसभेला अख्ख्या महाराष्ट्रात ९ कोटी ७० लाख मतदार होते. जवळपास पावणेदोन महाराष्ट्रांचा आवाज बंद झाला.

तोही कुठल्या दिवसांत? २० डिसेंबरला लोकसभेने तीन फौजदारी विधेयकं मंजूर केली. न्याय संहितेची ३५८ कलमं, नागरिक सुरक्षा संहितेची ५३१, साक्ष्य अधिनियमाची १७०, एकूण १०५९. १८६०पासून चालत आलेली दंडसंहिता त्याने इतिहासजमा झाली. इंदापूरच्या पोलीस ठाण्यात आज गुन्हा नोंदवताना जी कलमं लावली जातात, त्यांच्यावर सभागृहात मतदान झालं तेव्हा इंदापूरच्या खासदाराला आत पाऊल टाकायला मनाई होती. निलंबितांसाठी लोकसभा सचिवालयाने काढलेलं परिपत्रक वाचण्यासारखं आहे. सभागृह, लॉबी, गॅलरी बंद. समित्यांच्या बैठका बंद. त्यांच्या नावाची कुठलीही सूचना स्वीकारली जाणार नाही. भत्त्याची ओळ त्यात आहे, पण मतदाराच्या दृष्टीने ती सगळ्यात क्षुल्लक.

या मतदारसंघाला निलंबन नवं नव्हतं. मार्च २०१७मध्ये राज्याचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार विधानसभेत अर्थसंकल्प मांडत असताना शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी विरोधकांनी गोंधळ घातला आणि १९ आमदारांना थेट ३१ डिसेंबरपर्यंत घरी बसवण्याचा ठराव झाला. त्यात इंदापूरचे दत्तात्रय भरणे होते आणि भोरचे संग्राम थोपटेही. काँग्रेस-राष्ट्रवादीचे मिळून ८३ आमदार, त्यातले १९ गेले. २०१४च्या मतदारसंख्येवरून सरासरी काढली तर सुमारे ५५ लाख लोकांचे प्रतिनिधी. निलंबन त्याच अधिवेशनात टप्प्याटप्प्याने मागे घेतलं गेलं. आणि जूनमध्ये सरकारने ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली. ज्या मागणीसाठी आरडाओरडा झाला, ती मागणी तीन महिन्यांत सरकारनेच मान्य केली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

त्याआधी, ९ नोव्हेंबर २००९ला, विधानसभेत आमदार अबू आझमींना हिंदीत शपथ घेताना मारहाण झाली आणि मनसेच्या चार आमदारांना चार वर्षांसाठी निलंबित केलं. त्यांत खडकवासल्याचे रमेश वांजळे होते. सभागृहात हात उगारणं अक्षम्यच आहे. त्याला घोषणाबाजीच्या पंक्तीला बसवू नये. पण चार वर्षं म्हणजे १४६१ दिवस, पाच वर्षांच्या मुदतीतले! ती शिक्षा पूर्ण होऊ न देता मागे घेतली, हे बरंच झालं. न्यूझीलंडच्या संसदेत २०२५पर्यंत सर्वांत मोठं निलंबन तीन दिवसांचं होतं. सभागृहात केलेल्या हाका या माओरी नृत्यावरून ते एकवीस दिवसांवर गेलं, तर तिकडे केवढा गहजब झाला.

आपल्याकडे माप ठरवून दिलं ते सर्वोच्च न्यायालयाने. ५ जुलै २०२१ रोजी, विधानसभेच्या दोन दिवसांच्या अधिवेशनात, भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं गेलं. नीरेपलीकडच्या माळशिरसचे राम सातपुते त्यात होते. तालिका अध्यक्ष होते भास्कर जाधव, जे स्वतः २०१७च्या त्या १९ जणांपैकी एक. २८ जानेवारी २०२२ला, २०७ दिवसांनी, न्यायालयाने ठराव रद्द केला. चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन बेकायदा ठरलं. न्यायालयाचा युक्तिवाद साधा होता: आमदाराला बडतर्फ केलं तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, निलंबित केलं तर मतदारसंघाला नवा माणूसही मिळत नाही. म्हणून वर्षभराचं निलंबन बडतर्फीहून वाईट.

आता शिस्तीची दुसरी बाजू. १ जुलै २०२५ला शेतकऱ्यांच्या अपमानाचा मुद्दा घेऊन आमदार नाना पटोले विधानसभेत अध्यक्षांच्या आसनापर्यंत गेले आणि एका दिवसासाठी निलंबित झाले. त्याच महिन्यात विधान परिषदेत बसलेले कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याची चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, असं त्यांचं म्हणणं. सभागृहाने त्यांना एक दिवसही निलंबित केलं नाही. ३१ जुलैला फक्त खात्यांची अदलाबदल झाली: कोकाटेंकडे क्रीडा गेलं आणि कृषी आलं इंदापूरच्या दत्तात्रय भरणेंकडे.